दोन-अडीच हजारांत फ्रेम लॉकचा घडीचा चाकू: आधी लॉक पारखा, मग पोलादाचे नाव वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगोल्याजवळ तुमची डाळिंबाची बाग आहे, दिवसभर खिशात बाळगता येईल असा घडीचा चाकू हवा आहे, तो फ्रेम लॉकचाच असावा असे तुम्ही ठरवले आहे, खर्चाची मर्यादा दोन ते अडीच हजार रुपये आहे आणि पाते डी२ पोलादाचे घ्यावे की ८सीआर१३एमओव्हीचे, यावर घोडे अडले आहे. याच किमतीत ‘टायटॅनियम फ्रेम’ लिहिलेला एक चाकूही तुम्हाला दिसला आहे. शिवाय हाच चाकू तुमचे वडीलही वापरणार आहेत आणि ते डावखुरे आहेत. मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांची कापणीची पाती घासून, धार लावून देण्याचे काम करतो. त्याच्या जोडीने बागायतदारांच्या छाटणीच्या कात्र्या येतात आणि अलीकडे घडीचे चाकूही दुरुस्तीला येऊ लागले आहेत. जे सांगतो ते या कामाच्या आधारावर सांगतो.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न पोलादाचा नाही. या किमतीत जी पोलादे मिळतात त्यांपैकी कोणतेही नीट पाणी दिलेले (तापवून योग्य तेवढे कडक केलेले) असेल, तर सुतळी, गोणी, पुठ्ठ्याची खोकी आणि ठिबकची नळी कापायला पुरेसे आहे. स्वस्त चाकूत नगानगांत सर्वांत जास्त फरक पडतो तो लॉकमध्ये. एकाच खोक्यातून निघालेले, एकाच नावाचे दोन चाकू घ्या. एकाचा लॉक घट्ट बसतो आणि दुसऱ्याचा जरा दाब पडताच सरकतो. लॉक सरकला तर पाते मिटते ते थेट बोटांवर. म्हणून कोणते मॉडेल घ्यावे याच्या आधी हाती आलेला नग कसा पारखावा, हे सांगणे मला जास्त गरजेचे वाटते.

फ्रेम लॉक चालतो कसा, हे समजले की पारख सोपी होते. मुठीची एक बाजू म्हणजे धातूची एक सलग पट्टी असते. त्याच पट्टीत एक लांब चीर देऊन एक जीभ मोकळी केलेली असते आणि ती आतल्या बाजूला किंचित वाकवलेली असते. पाते पूर्ण उघडले की ही जीभ आत सरकते आणि पात्याच्या बुडख्यामागे, म्हणजे मुठीत राहणाऱ्या मागच्या टोकामागे, जाऊन टेकते. पाते मिटवायचे असेल तेव्हा अंगठ्याने ती बाहेर ढकलावी लागते. लायनर लॉकमध्येही हेच तत्त्व असते, पण तिथे मुठीच्या आत बसवलेली पातळ पत्ती हे काम करते, तर इथे मुठीची जाड भिंतच ते करते. अमेरिकेत स्थायिक झालेले दक्षिण आफ्रिकी कारागीर ख्रिस रीव्ह यांनी १९८७ च्या सुमारास ही रचना पुढे आणली आणि त्यांच्या सेबेंझा या चाकूमुळे ती सर्वत्र पोहोचली. या रचनेचा मोठा गुण असा की मूठ आवळून धरली की तुमची बोटेच त्या जिभेला आत दाबतात, त्यामुळे जोर लावताना लॉक सुटण्याऐवजी आणखी घट्ट होतो. सुटे भाग कमी असल्याने धूळ झटकणेही सोपे जाते. तुम्ही फ्रेम लॉक निवडलात याला माझी हरकत नाही. तो नीट जमलेला असावा, एवढीच अट आहे.

आता पारख. पाते सावकाश उघडा आणि जीभ बुडख्याच्या रुंदीत कुठवर आली आहे ते वरून पाहा. नव्या चाकूत ती बुडख्याच्या जाडीच्या पाव ते निम्म्या भागापर्यंत आलेली असावी. अगदी काठावर टेकली असेल तर पकड अपुरी आहे. नव्यातच ती पलीकडच्या बाजूला जाऊन भिडली असेल तर पुढच्या झिजेला जागाच उरलेली नाही, कारण वापरात फ्रेमचा धातू आणि बुडखा एकमेकांवर घासून जीभ हळूहळू पलीकडेच सरकत जाते. बुडख्याच्या ज्या तोंडावर जीभ टेकते ते तोंड सरळ नसते, त्याला साधारण सात-आठ अंशांचा उतार दिलेला असतो. उतार जास्त झाला तर जीभ दाबाखाली बाहेर घसरते आणि कमी झाला तर ती अडकून बसते, मग मिटवताना अंगठा दुखतो. हा उतार डोळ्यांना मोजता येत नाही, पण त्याचा परिणाम हाताला कळतो.

जीभ नेमकी कुठे टेकते हे पाहण्यासाठी मी एक साधी रीत वापरतो. बुडख्याच्या तोंडावर परमनंट मार्करने काळा रंग द्यायचा, वाळू द्यायचा, मग पाते काही वेळा उघडायचे आणि मिटवायचे. जिथे धातू घासला तिथली शाई निघून चकचकीत ठिपका किंवा पट्टा दिसतो. हा पट्टा पिव्हटच्या खिळ्यापासून, म्हणजे ज्यावर पाते फिरते त्या खिळ्यापासून, जितका दूर, म्हणजे बुडख्याच्या जितका खालच्या कडेला असेल तितका चांगला, कारण तिथे जिभेला पाते थोपवण्यासाठी जास्त लांबीचा आधार मिळतो. घासलेला भाग खिळ्याच्या जवळ, वरच्या कोपऱ्यात एका टिंबाएवढाच दिसला, तर तो चाकू उघड्या स्थितीत खालीवर हलणारच. आज हलला नाही तर काही महिन्यांनी हलेल. शाई नंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाका.

यानंतर दाबाची परीक्षा. काही जण पात्याची पाठ टेबलावर जोरात आपटून पाहतात. ही पद्धत मला मान्य नाही. आपटल्याने चांगल्या लॉकचेही तोंड चेपते आणि त्या धक्क्याचा तुमच्या कामातल्या दाबाशी काही संबंध नसतो. त्याऐवजी मूठ अशी धरा की पाते मिटले तरी त्याच्या वाटेत एकही बोट येणार नाही, जिभेवर हाताचा दाब पडू देऊ नका, आणि पात्याची पाठ लाकडी फळीच्या काठावर टेकवून हळूहळू जोर वाढवत न्या. जीभ जागची हलता कामा नये. ती किंचित जरी बाहेर सरकताना दिसली, तरी तो नग परत करा. अशा वेळी विक्रेता ‘वापरून बसेल’ असे सांगतो. पहिल्या काही दिवसांत जीभ थोडी स्थिरावते हे खरे आहे, पण दाबाखाली बाहेर सरकणारा लॉक वापराने सुधारत नाही.

मिटलेल्या अवस्थेतली परीक्षाही तितकीच महत्त्वाची आहे, कारण चाकू दिवसातला बहुतेक वेळ खिशातच असतो. जिभेच्या आतल्या बाजूला एक बारीक गोळी बसवलेली असते आणि मिटल्यावर ती पात्यातल्या खळग्यात बसते. पाते मिटलेले राहते ते या गोळीमुळे. चाकू मिटवून, टोक जमिनीकडे करून हलका झटका द्या. पाते बाहेर डोकावले तर तो चाकू खिशात ठेवण्याच्या लायकीचा नाही. वाकून फवारणीची नळी ओढताना खिशात अर्धवट उघडलेले पाते काय करेल, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक जागा पाहा. जीभ जिथून वाकते तिथे, तिच्या मुळाशी, धातू खरवडून पातळ केलेला असतो, म्हणजे ती लवचीक होते. चांगल्या चाकूंत ही जाडी एक मिलिमीटरच्या आसपास आणि खरवड गुळगुळीत असते. स्वस्त नगांत तिथे यंत्राचे ओरखडे आणि टोकदार कोपरे सोडलेले आढळतात, आणि धातूला तडा जायचा तर तो अशाच कोपऱ्यातून सुरू होतो. मिटवताना अंगठ्याने जीभ गरजेपेक्षा फार बाहेर ढकलली तरी तिचा ताण कमी होतो. चाकूंचे अमेरिकी कारागीर रिक हिंडरर यांनी त्यासाठी मुठीवर एक छोटी चकती बसवण्याची युक्ती काढली, जी जिभेला ठरावीक अंतरापलीकडे जाऊ देत नाही. ही चकती असलेला चाकू तुमच्या किमतीत मिळाला तर जरूर घ्या, पण ती नाही म्हणून चांगला लॉक नाकारू नका.

टायटॅनियमबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. खरी टायटॅनियम फ्रेम दोन हजारांत मिळेल यावर विश्वास ठेवू नका. त्या पाटीचा अर्थ बहुधा पोलादी फ्रेमवर दिलेला टायटॅनियमच्या संयुगाचा रंगीत थर एवढाच असतो. वजनावरून ते ओळखता येते. टायटॅनियमची घनता दर घनसेंटिमीटरला साधारण ४.४ ग्रॅम आणि पोलादाची ७.८ ग्रॅम असल्यामुळे, तेवढ्याच मापाची पोलादी फ्रेम जवळपास पावणेदोन पट जड भरते. तुमच्या कामासाठी टायटॅनियमचा आग्रह धरण्याचे कारणही नाही. तो धातू कडक पोलादी पात्यापेक्षा बराच मऊ असतो, पोलादावर घासताना त्याला चिकटतो आणि लॉक अडकू लागतो. म्हणून महागड्या चाकूंत जिभेच्या टोकाला पोलादाचा वेगळा तुकडा बसवावा लागतो. स्टेनलेस पोलादाची साधी फ्रेम थोडी जड असते, पण तिच्यात ही कटकट कमी. वजन खटकत असेल तर एका बाजूला पोलादी फ्रेम आणि दुसऱ्या बाजूला जी-१० या काचतंतूंच्या फळीची मूठ अशी जोडी शोधा.

आता पोलाद. ८सीआर१३एमओव्हीमध्ये सुमारे ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम असते. ते गंजाला बऱ्यापैकी तोंड देते, त्याची धार मध्यम टिकते आणि साध्या दगडावर काही मिनिटांत परत येते. डी२मध्ये कार्बन सुमारे दीड टक्का आणि क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असते, पण त्यातला मोठा वाटा कार्बनशी बांधला जाऊन कठीण कण बनतात. त्यामुळे धार जास्त दिवस चालते आणि गंजापासून रक्षण करायला मोकळे क्रोमियम कमी उरते. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असते आणि लोखंडाशी त्याचा संयोग झाला की काळे-निळे डाग पडतात. फळ चिरून पाते न पुसता तसेच मिटवून ठेवले, तर डी२वर दुसऱ्या दिवशी हे डाग दिसतात आणि पुढे तिथेच टोचे, म्हणजे गंजाचे बारीक खड्डे, पडतात. तुम्ही रोज पाते पुसून तेलाचे बोट फिरवणाऱ्यांपैकी असाल आणि घरी धार लावायची हिऱ्याची प्लेट असेल, तर डी२ घ्या. नसाल तर ८सीआर१३एमओव्ही तुम्हाला जास्त सुख देईल. स्वीडनचे १४सी२८एन मिळाले तर या दोन्हींपेक्षा ते तुमच्या बागेला अधिक मानवेल, कारण गंज आणि धार दोन्हींचा तोल त्यात चांगला साधलेला आहे. पण ते या किमतीत नेहमी मिळेलच असे नाही.

पोलादाच्या नावापेक्षा धारेच्या मागची जाडी पाहा, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. दणकट दिसावे म्हणून स्वस्त फ्रेम लॉकची पाती जाड ठेवतात आणि धार लावतात ती जेमतेम कडेला. असे पाते सोळा मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, कापताना तिला चिरण्याऐवजी चेपते, नळीचे तोंड वाकडे होते आणि जोडणीला पाणी गळते. पात्याचा उतार पाठीपासून धारेपर्यंत सलग खाली येणारा आणि कडेला पातळ असावा. अशा पात्याला दोन्ही बाजूंनी अंदाजे वीस अंशांची धार ठेवली, तर ठिबकची नळी एका ओढीत सरळ तुटते.

तुमच्याकडची जमीन मुरमाड आणि धुळीची असल्याने पिव्हटमध्ये काय बसवले आहे, हेही विचारा. हल्ली बारीक छर्‍यांचे बेअरिंग असलेल्या चाकूंचे आकर्षण आहे, कारण पाते बोटाच्या टिचकीने उघडते. पण त्या छर्‍यांत धूळ शिरली की करकर सुरू होते आणि चाकू खोलावाच लागतो. फॉस्फर ब्राँझच्या साध्या वॉशरवर चालणारे पाते थोडे सावकाश उघडते, पण धूळ सोसते. खिळ्याचा स्क्रू टॉर्क्स जातीचा, म्हणजे ताऱ्यासारख्या खाचेचा, असेल तर त्याच मापाचा पेचकस जवळ ठेवा; साध्या पेचकसाने प्रयत्न केला तर त्याचे डोके खराब होते आणि मग तो काढण्यासाठी माझ्यासारख्याकडे यावे लागते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण डाळिंबवाल्याला सांगायलाच हवी. हा चाकू छाटणीसाठी वापरू नका. तेल्या रोगाचे जंतू हत्यारावरून एका झाडाचे दुसऱ्या झाडावर जातात, म्हणून छाटणी करताना हत्यार सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून निर्जंतुक करण्याची शिफारस आहे. ते करायलाच हवे. पण हायपोक्लोराइट स्टेनलेस पोलादालाही टोचे पाडते, आणि घडीच्या चाकूत ते पिव्हटमध्ये, वॉशरच्या मागे आणि जिभेच्या फटीत जाऊन बसते, जिथून ते धुऊन निघत नाही. वरून चकाकणारा आणि आतून कुजलेला चाकू दुरुस्तीला येतो, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच निघते. रोगट फांदी कापायला छाटणीची कात्रीच घ्या, जी उघडी असते, बुडवता येते आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन तेल लावता येते. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण ढवळताना किंवा मोरचुदाची पिशवी फोडतानाही चाकूचा वापर झाला, तर लगेच धुवा.

मॉडेलची नावे मी जपून देतो, कारण किमती आणि उपलब्धता सतत बदलतात आणि नगानगांतला फरक वर सांगितलाच आहे. सीआरकेटीचा पिलार हा पोलादी फ्रेमचा चाकू, जवळपास ६० मिलिमीटर लांबीच्या आखूड आणि रुंद पात्याचा, खिशात छान बसतो. मोठ्या हाताला मात्र त्याची मूठ तोकडी वाटते. सॅनरेनमूचा ७०१० हा छोटा, पातळ पात्याचा आणि कमी खर्चाचा चिनी चाकू ठिबकच्या कामाला सोयीचा आहे. कर्शॉचे लीक आणि क्रायो हे फ्रेम लॉक नावाजलेले आहेत, पण दोन्हींत पाते स्प्रिंगच्या मदतीने उघडते आणि लीकचे टोक इतके बारीक आहे की काही उचकटायला गेले तर मोडते. शेतासाठी मी ते सुचवणार नाही. मोठ्या ब्रँडचे नाव आणि विश्वास बसणार नाही इतकी कमी किंमत एकत्र दिसली, तर तो नकली नग समजा. पात्यावर पोलादाचे नाव नसेल आणि दमास्कसची (थरांच्या पोलादासारखी लहरदार) नक्षी मात्र असेल, तर ती बहुधा वरून कोरलेली असते. परत करण्याची सोय जिथे आहे तिथूनच घ्या आणि मुदत संपण्याआधी वरच्या सगळ्या परीक्षा उरकून घ्या. परदेशातून मागवू नका. सीमाशुल्कात पार्सल अडकले तर पैसा आणि वेळ दोन्ही जातात.

कायद्याबाबत थोडे. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे येतात आणि घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली त्यांतून वगळलेली आहेत. तुमचा चाकू त्या मापाच्या जवळपासही जात नाही. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली यात्रा, सण, निवडणुका अशा वेळी हत्यारे बाळगण्यावर मनाई आदेश निघतात, आणि त्यांत चाकू-सुऱ्यांचा उल्लेख असतो. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरकडे जाताना किंवा गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात येताना चाकू घरीच ठेवलेला बरा. बटण दाबून उघडणारा चाकू घेऊच नका. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने अशा ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद पात्याच्या चाकूंवर निर्बंध आहेत, आणि इतरत्रही पोलीस अशा चाकूकडे संशयानेच पाहतात. पाते तीन इंचांच्या आत ठेवले तर तुमचे एकही काम अडणार नाही.

राहिला तुमच्या वडिलांचा प्रश्न. बाजारातले जवळजवळ सगळे फ्रेम लॉक उजव्या हातासाठी बनवलेले असतात. डाव्या हातात धरल्यावर जीभ हाताच्या उलट बाजूला येते. त्यामुळे मिटवताना अंगठ्याऐवजी तर्जनीने जीभ ओढावी लागते, तेव्हा बोट पात्याच्या वाटेत येते. सराव करून हे जमते असे काही जण सांगतात, पण आयुष्यभर डाव्या हाताने काम केलेल्या वडीलधाऱ्या माणसाला हा सराव करायला लावू नये. त्यांच्यासाठी वेगळा चाकू घ्या. फ्रान्सच्या ओपिनेलचा आठ नंबरचा स्टेनलेस पात्याचा चाकू साडेआठ सेंटिमीटर पात्याचा आहे, म्हणजे वर सांगितलेल्या तीन इंचांपेक्षा थोडा लांब, पण बागेत आणि घरी वापरायला उत्तम. त्याचा लॉक म्हणजे मानेवर फिरणारी एक कडी असते आणि ती दोन्ही हातांनी सारखीच फिरते. त्याची मूठ लाकडी असल्याने पाण्यात भिजली की फुगते आणि पाते उघडायला जड जाते, म्हणून तो कोरडा ठेवावा लागेल. दोन चाकूंचा खर्च तुमच्या मर्यादेत बसत नसेल, तर तुमचा फ्रेम लॉक एक पायरी स्वस्त घ्या, पण वडिलांच्या हातात तो देऊ नका.